होलिसचा डोळा आणि माझी मान

मित्रांनो, मी टेनेसीच्या डोंगरातली एक म्हातारी ठासणीची बंदूक आहे. माझ्या वयाच्या बंदुका शेकोटीच्या वर भिंतीवर सुखाने टांगलेल्या असतात. माझे नशीब एवढे चांगले नाही. माझा मालक होलिस लेडबेटर मला अजून दर पानगळीत नेमबाजीला नेतो. गेल्या काही वर्षांत त्याने माझ्या मानेचे जे हाल केले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म होलिसच्या आजोबांच्या भट्टीपाशी झाला. लांब लोखंडी नळी आणि मेपलच्या लाकडाचा दस्ता. तोंडातून आधी बंदुकीची दारू घालायची, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि गजाने ठासायचे. नळीच्या टोकावर माशी, म्हणजे नेम धरायचा बारीकसा उंचवटा, आणि डोळ्याच्या बाजूला एक खाच. खाचेत माशी धरायची, माशीवर निशाण धरायचे, चाप ओढायचा. घोडा खालच्या टोपीवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या छोट्या वाटीवर, आपटला की काम झाले. आजोबांनी मला घेऊन हरणे मारली, वडिलांनी नेमबाजीत बैलाच्या मांसाचे वाटे जिंकून आणले. लोक माझी तारीफ करीत. माझ्या खाचेबद्दल दोन पिढ्यांत कुणी चकार शब्द काढला नाही.

मग होलिसचे नेम चुकू लागले. खाच धूसर दिसते, असे तो म्हणू लागला. वय झाले की जवळचे धूसर होतेच. त्याचा शेजारी टॉलिव्हर बंदुका दुरुस्त करतो. त्याने सुचवले की खाच काढ आणि डोळ्याजवळ बारीक भोकाची एक चकती बसव. भोकाकडे बघायचेच नाही, भोकातून बघायचे. माशी आपोआप मधोमध येते. सल्ला चांगला होता. मलाही पटला.

पण चकती निवडायची कशी, हे होलिसने ऐकून घेतले तर ना! त्याने दुकानातून तव्याएवढी काळी चकती आणली, तिचे भोक सुईच्या नाकाएवढे. घोड्यामागच्या पट्टीला, म्हणजे माझ्या मानेला, भोके पाडून ती बसवली. आमच्या दरीत दुपारीसुद्धा सावली असते. बारीक भोकातून माशी रेखीव दिसते, पण उजेड कमी येतो. होलिस म्हणाला, विहिरीच्या तळातून बघतोय असे वाटते. मग त्याने मोठ्या भोकाची चकती आणली. माझ्या मानेला नवी भोके! त्यातून उजेड भरपूर आला, पण माशी कुठेही भटकू लागली. पुढची चकती सगळीकडे फिरणारी, स्क्रूच स्क्रू असलेली. ती माझ्या पहिल्याच धक्क्याला गवतात पडली आणि त्याची बायको ऑर्फा गुडघ्यांवर बसून ती शोधत राहिली.

"ही बंदूक आहे की चाळणी?" ती म्हणाली. "मक्याचं पीठ तरी चाळून घेते हिच्यातून. होलिस, डोळे दाखव एकदा."

डोळे ठणठणीत आहेत, चकत्याच भिकार आहेत, असे म्हणून त्याने विषय संपवला. मला मात्र सगळे ठाऊक होते. नेम धरताना त्याचा डोळा माझ्या मानेशी येई. त्याच्या बुबुळावर दुधावरच्या सायीसारखा पडदा आला होता. पण मी काय करणार? मला तोंड आहे, पण त्यातून फक्त गोळी निघते.

एका सकाळी शेतात सराव चालला होता. ऑर्फा निशाणाच्या फळीवर नवा कागद ठोकायला गेली. फळी तपकिरी, तिचा कोटही तपकिरी. होलिसने मला ठासले, घोड्याखाली टोपी बसवली, ओंडक्यावर नळी टेकवली आणि तो पोटावर आडवा झाला. कागद लागला का, असे त्याने विचारले. ओढ्याच्या आवाजात तिला ते ऐकू गेले नाही. ती कधीच बाजूला झाली असेल असे धरून त्याने घोडा चढवला आणि तो चाप ओढू लागला.

टॉलिव्हर शेजारी कॉफी पीत बसला होता. ओरडायलाही वेळ नव्हता. त्याने कप टाकला आणि घोड्याखाली अंगठा घातला. घोडा आपटला तो त्याच्या अंगठ्यावर. मी उडाले नाही.

टॉलिव्हरने दात आवळून माझी टोपी काढून टाकली आणि मगच तो बोलला.

"होलिस, समोर कोण आहे?"

"कुणी नाही. फळी आहे."

"फळीपुढं तुझी बायको उभी आहे."

होलिसने मला गवतात ठेवले. ऑर्फा परत आली, टॉलिव्हरचा रक्ताळलेला अंगठा तिने पाहिला आणि काय घडले ते ओळखले.

होलिस खाली बघत म्हणाला, "आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर तिनं माझा चेहरा कधी पाहिला नाही. माझंही तसंच झालं तर?"

"आणि मी मेले असते तर?" ऑर्फा म्हणाली. "तुला ते तरी दिसलं असतं का रे?"

त्याच आठवड्यात ती त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशनही झाले. घरी आल्यावर होलिसने मला हातात घेतले आणि माझी मान पाहून तो भडकला. ही दशा कुणी केली, असे त्याने विचारले! ऑर्फाने तेलाची चिंधी त्याच्या हातात दिली.

आता लांबचे लख्ख दिसत होते, पण जवळची खाच धूसरच राहिली. म्हणजे चकती हवीच होती. या वेळी टॉलिव्हरने ती घरीच घडवली, साधी पितळी. आम्हाला झाडांच्या सावलीत नेऊन, जिथे नेमबाजी व्हायची तिथेच, त्याने भोक थोडे थोडे वाढवले. माशी रेखीव दिसेल आणि फळीवर उजेडही राहील, तिथे तो थांबला. ती त्याने जुन्याच भोकांत बसवली. माझ्या मानेला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवे भोक पडले नाही.

नेमबाजीत होलिसला सगळ्यांत शेवटचे बक्षीस मिळाले, बैलाचे कातडे. डोळा चांगला होता, चकती चांगली होती. हात कच्चा पडला होता, इतकेच. घरी येताना तो म्हणाला, "मला वाटतं, हिचा दस्ताच थोडा वाकडा आहे."

मित्रांनो, नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण तुम्हाला पाठ असेल. अंगणाला काय वाटते, ते आज माझ्याकडून ऐका. ज्याच्यावर तुमचे काम चालते त्याला पुसा, तेल द्या, पण त्याला भोक पाडण्याआधी एकदा आपला डोळा दाखवून या. आणि तुमच्यापैकी कुणी आमच्या बाजूला राहत असेल, तर उद्या सकाळी लवकर या. माझा दस्ता तासायला होलिस टॉलिव्हरकडे रंधा मागायला जाणार आहे.