चांगदेवच्या फियाटचं अर्थिंग

चांगदेव घरतने ब्रेक दाबला आणि वायपर हलला.

त्याने पुन्हा दाबला. वायपर पुन्हा जेमतेम हलला, म्हाताऱ्याने बसल्या जागेवरून माशी हाकलावी तसा. डावा इंडिकेटर लावला, तर इंडिकेटर गप्प आणि आत छतावरचा दिवा मिणमिणायला लागला. हॉर्न दाबला, तर हॉर्नने नुसता उसासा टाकला आणि पुढचे दोन्ही दिवे लाजल्यासारखे मंद झाले. गाडी बाहत्तर सालची फियाट, आणि उद्या सकाळी अकराला तिचं आरटीओत पासिंग.

"नाचते हाय की चांगली," ओटीवर बसलेली त्याची बायको गोदू म्हणाली. "उद्या सायबाला पन नाचून दाखवंल."

गोदूला हसायला कारण होतं. आजूबाजूच्या पाच गावांना ती घरचा मसाला पुरवायची, आणि तो दळायला तिला दरवेळी गोणी डोक्यावर घेऊन उरणला जावं लागायचं. दारात स्वतःची चक्की टाकायची हे तिचं आठ वर्षांचं म्हणणं. दारात चक्की मावेल अशी जागा एकच होती, घरालगतची शेड, आणि तिथे फियाट राहत होती. शेवटी गेल्या महिन्यात दोघांनी देवळात नारळावर हात ठेवून ठरवलं. गाडी पास झाली तर शेड गाडीची. नापास झाली तर गाडी भंगारात आणि शेड चक्कीची. चांगदेवने हात ठेवला तेव्हा गाडी ठणठणीत होती, म्हणून तर ठेवला. आणि आता चार दिवसांपासून तिच्या अंगात आलं होतं.

गाडी त्याच्या बापाची. मिठागरावरचं मीठ मचव्यातून मुंबईला नेणारा माणूस, त्याने ती हौसेने घेतली. मचवा दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी रंगवायचा, ही घराची रीत. मचवा गेला, रीत राहिली, आणि ती गाडीवर आली. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, हे मिठागरवाल्याच्या पोराला कोणी सांगायला नको. चांगदेव दर श्रावणात फियाटला होडीचा रंग द्यायचा, तोही ब्रशने आणि बाहेरून. यंदा पासिंग म्हणून त्याने अंमळ जास्तच मनावर घेतलं होतं. दिवे काढले, डॅशबोर्ड सोडवला, एकूण एक नट उघडला, सगळ्याला आतून-बाहेरून रंगाचे दोन हात दिले आणि वाळल्यावर पुन्हा आवळून बसवलं. गाडी नवरदेवासारखी दिसत होती. वागतही तशीच होती, सांगाल त्याच्या उलट.

दुपारी भाचा अल्पेश आला. हायवेवर कंटेनरच्या ट्रेलरची वायरिंग करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लॅपटॉप उघडून तो स्टिअरिंगखाली वाकला आणि बराच वेळ चाचपडत राहिला.

"मामा, लॅपटॉपची वायर याला कुठं जोडाची?"

"त्याला काय जोडाचा नसतं. हातानं बघाचा असतं."

अल्पेशने हाताने बघितलं. फ्यूज बदलले, बल्ब बदलले, इंडिकेटरचा स्विच बदलला. प्रत्येक बदलानंतर गाडी नवा चमत्कार दाखवायची. स्विच बदलल्यावर ब्रेक दाबताच पेट्रोलचा काटा टाकी भरली म्हणून सांगायला लागला. चांगदेवला क्षणभर बरं वाटलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चार वाजेपर्यंत चाललं. त्यात चांगदेवने वायरींनाही रंग मारलेला, त्यामुळे लाल कुठली आणि काळी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"मामा, वायरिंग नवीन टाकाला लागंल. आठवडा तरी जाईल."

चांगदेव मटकन पायरीवर बसला. बाप गेला त्या वेळी तो रडला नव्हता, कारण गाडी होती. आता रडला असता, पण गोदू समोर चहा घेऊन उभी होती म्हणून त्याने कप उचलला.

गोदूने अल्पेशला कप दिला. "मना एक सांग. बॅटरीतून वीज निंगते, दिव्यात जाते. मंग परत कशी येते? परतीची वायर तर मना कुठं दिसली नाय."

"वायर कशाला, मामी? गाडीचा पत्राच वायर. दिव्याचा लोखंड गाडीच्या लोखंडाला चिकटलेला असतं ना, त्यातनं परत जाते. त्यालाच अर्थिंग म्हनतात. ती वाट बंद झाली तर करंट भलत्याच दिव्यात घुसतो."

गोदूने गाडीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

"लोखंड? या गाडीत तुना लोखंड दिसला का कुठं?"

अल्पेशचा चहा ओठाशीच राहिला.

त्याने पुढच्या दिव्याचा नट काढला. खाली चकचकीत निळा रंग, गुळगुळीत, बिनडागाचा. चांगदेवच्या हाताचं काम. अल्पेशने पटाशी घेतली आणि चांगदेवने डोळे मिटले. खर्र खर्र आवाज झाला. रुपयाएवढं लोखंड उघडं पडलं, नट त्यावर आवळला गेला आणि दिवा लख्ख पेटला. अशा अकरा जागा निघाल्या. शेवटच्या चार चांगदेवने स्वतः खरवडल्या, दात आवळून. सहाला डावा इंडिकेटर टिकटिक करू लागला आणि वायपर निमूट पडून राहिला.

अल्पेश गेल्यावर चांगदेव हळूच म्हणाला, "गप बसली असतीस तर चक्की आली असती."

"आली असती," गोदू म्हणाली. "आन गाडी भंगारात गेल्यावर तुमी भिंतीकडं तोंड करून बसलं असतं. मंग मी मसाला दळला असता का तुमाला जेवा म्हनून विनवत बसली असती?"

यावर चांगदेवला फार बरं वाटलं आणि फार लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेबाने दिवे बघितले, हॉर्न ऐकला, रंगावरून बोट फिरवून 'कोणत्या कंपनीचा?' म्हणून विचारलं आणि सही केली. चांगदेव वाटेत कुठेही न थांबता घरी आला. पण गाडी शेडमध्ये गेली नाही. त्याने ती अंगणात फणसाखाली लावली, चावी खिशात टाकली आणि गोदूला म्हणाला, "चक्कीवाल्याला फोन लाव. शेडचा माप घ्यायला ये म्हनाव."

"पास झाली ना?"

"झाली."

गोदू घरात गेली. बाहेर आली ती आपली जुनी गोधडी घेऊन, आणि ती तिने बॉनेटवर नीट पसरली.

"वारा खारा हाय," ती म्हणाली आणि मग फोन लावायला बसली.