निरोगी रक्ताची नळी

"ताई, आज तुमच्याच नळीची रेघ वर चढतेय की!" सर हसले. "टेबल पुसा. काहीतरी सांडलंय."

काविळीचा विषाणू शोधताना एक नळी मुद्दाम निरोगी रक्ताची ठेवायची. पडद्यावर तिची रेघ आडवी राहिली, तरच बाकीच्या नळ्यांचं खरं मानायचं. या लॅबमध्ये ते रक्त वर्षानुवर्षं ताईचं. "तुमच्याइतकं शुद्ध इथे फक्त डिस्टिल्ड वॉटर," असं सर चिडवायचे. साठा संपला म्हणून कालच तिने पुन्हा काढून दिलं होतं.

दोन दिवसांनी तिच्या यकृताचा तुकडा धाकट्या भावाला बसवायचा होता. आईमागे त्याला कडेवर वागवलं, तापात उशाशी जागून काढलं; आता पोटातलं तेवढं द्यायचं राहिलं होतं. महिन्यापूर्वीच्या तपासणीत तिचं रक्त स्वच्छ निघालं होतं.

तिने टेबल धुतलं, रसायनं नवी घेतली, यंत्र पुन्हा लावलं. रेघ पुन्हा चढली. शेजारच्या नुसत्या पाण्याच्या नळीची रेघ आडवीच होती. म्हणजे सांडलं काहीच नव्हतं.

तेवढ्यात वरच्या वॉर्डातून भावाचा फोन. "ताई, तुझा तुकडा बसला की मीपण तुझ्यासारखा किरकिरा होणार बघ!"

"पड गप. बोलून दम लागतो तुला."

"बघ, सुरू झाली किरकिर."

ती हसली. फोन ठेवल्यावरही ते हसू तसंच ओठांवर राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

सरांनी विषाणूचा प्रकार ओळखायची पट्टी स्वतः लावली. पांढऱ्या पट्टीवर जांभळ्या रेघा हळूहळू उमटल्या. प्रकार तीन. ताईने नकळत डाव्या हाताचं बोट चोळलं. त्या तपासणीच्या आदल्याच आठवड्यात एका पेशंटची सुई टोचली होती तिथे. नळाखाली धरलं होतं, पट्टी गुंडाळली होती, आणि पुन्हा कामाला लागली होती. तपासणी झाली तेव्हा रक्तात विषाणूचा अजून पत्ताच नव्हता.

"गोळ्या आहेत, ताई," सर म्हणाले. "तीन महिन्यांत ठणठणीत व्हाल."

"मी होईन, सर."

वरच्या मजल्यावर डॉक्टर भावाच्या हातात तीनच आठवडे असल्याचं बोलत होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"त्याला मी सांगू का?" सरांनी विचारलं.

"नको. माझ्या तोंडून ऐकू दे."

तिने नळीवरची चिठ्ठी खरवडून काढली, पेशंटला देतात तसा नंबर घातला. रॅकमधल्या निरोगी नळीच्या पहिल्या भोकातून नळी उचलून आजाऱ्यांच्या ओळीत शेवटी लावली. हातमोजे काढले, हात धुतले, बोटन् बोट पुसलं.

मग जिना चढू लागली. खाली रॅकमधलं पहिलं भोक रिकामंच होतं.