कापायचे राहिलेले चार सेकंद

मेकअपवाल्याने टकलावर तिसऱ्यांदा पावडर थापली, तेव्हा कात्रीबुवांनी मान मागे ओढली.

"पुरे हो. लग्नाला उभं करताय का मला?"

"दिव्यांखाली चमकतं, काका. मग कॅमेरावाला माझ्या नावाने शंख करतो."

"करू दे. कॅमेरावाल्यांचा जन्मच त्यासाठी असतो." कात्रीबुवांनी आरशातूनच मागे बसलेल्या मुलीकडे पाहिलं. "बाई आल्या का गं?"

"बाबा, पाचव्यांदा विचारताय. गाडी पाठवलीय त्यांना. येतील."

मुलगी पन्नाशीची, अंगाने भरलेली आणि बापाच्या बाबतीत जरा जास्तच शिस्तीची. औषधाची डबी, शाल, पाण्याची बाटली असा सगळा सरंजाम तिने मांडीवर धरला होता. बाबांचा एवढा जीव कशात अडकलाय, हे तिला कळत नव्हतं. टीव्हीवर जायची ही काही त्यांची पहिली वेळ नव्हती.

कात्रीबुवा हे अर्थातच खरं नाव नव्हे. चित्राची आणि आवाजाची फीत कापून जोडण्यात हयात गेली, म्हणून स्टुडिओने ठेवलेलं नाव. ते पुढे गल्लीत आणि घरातही रुळलं. त्यांनी कितीतरी सिनेमे कापले. पण लोक त्यांना ओळखत ते एकाच सिनेमामुळे, आणि त्यातही न कापलेल्या चार सेकंदांमुळे.

तो सिनेमा अंतराळयानाचा होता. यानावर उरलेला शेवटचा प्रवासी, आणि त्याला लहानाचं मोठं करणारं, नुसत्या बाईच्या आवाजात बोलणारं यंत्र. अखेर यान एका अनोळखी ग्रहावर उतरतं. प्रवाशाने बाहेर पडायचं, यंत्राने आतच राहायचं. आवाज म्हणतो, "दार उघडते आहे." मग चार सेकंद काहीच नाही. प्रवासी उंबरठ्याशी घुटमळतो. मग आवाज म्हणतो, "जपून उतर." सिनेमा संपतो. त्या चार सेकंदांत थिएटरात लोक हुंदके देत. पुढे घरोघरी टीव्ही आला आणि त्याच चार सेकंदांत लोक पोट धरून हसायला लागले.

नकलांना तर सुमारच राहिला नाही. एका कार्यक्रमात इमारतीची लिफ्ट म्हणायची, "दार उघडते आहे," आणि आतल्या माणसाला दाढी फुटेपर्यंत गप्प बसायची. मुलांच्या कार्यक्रमात मोज्याची बाहुली शीतपेटीच्या दारात उभी राहून तेच करायची आणि तेवढ्यात मांजर लोणी खाऊन जायचं. एका दंतवैद्याच्या जाहिरातीत रुग्ण आ करून ताटकळायचा. एका गंभीर मालिकेने मात्र मनापासून मानवंदना दिली होती. निवृत्त होणारी आंधळी शिक्षिका शाळेच्या पायरीवर थांबते, आणि चार सेकंदांनी मागून शिपाई म्हणतो, "जपून उतरा, बाई." त्या दिवशी कात्रीबुवा जेवलेच नव्हते.

सुरुवातीला नक्कल लागली, की ते उठून टीव्हीच बंद करायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पुढे भीती ओसरली आणि तिच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. टीव्हीवर कोणी ते तीन शब्द उच्चारून गप्प झालं, की घरचे हसत आणि कात्रीबुवा तोंडातल्या तोंडात म्हणत, "बाई, उपकार तुमचे." कोणाला ऐकू जात नसे.

कारण ते चार सेकंद कात्रीबुवांनी ठेवलेले नव्हतेच. ते कापायचे राहिले होते.

आवाज देणारी बाई नटी नव्हती, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दिग्दर्शकाने, म्हणजे साहेबांनी, एकदा परगावी फोन लावताना तिचा आवाज ऐकला आणि हाच आवाज पाहिजे म्हणून हट्टच धरला. ध्वनिमुद्रणात तिने ती दोन वाक्यं मध्ये भलंमोठं अंतर सोडून म्हटली. अंतर काढून वाक्यं जोडायची, एवढं सोपं काम. कात्रीबुवांनी पांढऱ्या पेन्सिलीने फितीवर दोन्ही टोकांना खुणासुद्धा केल्या होत्या. तेवढ्यात राखणदार दारात आला, "घरून बोलावणं आलंय, लगेच निघा." बायकोला दवाखान्यात नेलं होतं, दिवस भरायला अजून दोन महिने होते. कात्रीबुवा धावत सुटले ते दुसऱ्या दिवशी सकाळीच परतले. तोवर फीत टेबलावरून प्रोजेक्टरवर चढली होती आणि साहेब ओरडत होते.

"हे भोक कोणी ठेवलं? कुठाय तो कात्री?"

कात्रीबुवा मागच्या रांगेशी उभे होते. मूल काचेच्या पेटीत होतं, बायको शुद्धीवर नव्हती. हे त्यांनी स्टुडिओत कोणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते. घर घरी ठेवून यायचं, हा साहेबांचा नियम होता आणि तो मोडणाऱ्या दोघांना त्यांनी त्याच वर्षी हाकललं होतं. नोकरी गेली असती तर पेटीचा खर्च कुठून आला असता, देव जाणे.

तेव्हा पुढच्या रांगेतून ती टेलिफोनबाई उठली. राहिलेली एक ओळ बोलायला ती आली होती.

"मी सांगितलं त्यांना ठेवायला," ती म्हणाली. "निरोप देताना यंत्राचंसुद्धा पाऊल अडत असेल, असं वाटलं मला."

साहेबांनी प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. पडद्यावर प्रवाशाचा नट सैल बुटामुळे उंबरठ्याशी अडखळला होता, आणि "जपून उतर" नेमकं त्याच क्षणावर पडत होतं.

"राहू दे," साहेब म्हणाले.

कात्रीबुवा आभार मानायला वळले, तोवर बाई गेल्या होत्या. उद्या मानू म्हणता म्हणता सिनेमा गाजला, बाईंची बदली झाली, आणि साहेब वयाबरोबर बाईंचं वाक्य विसरून मुलाखतींतून सांगू लागले, की ती सगळी माझ्या कात्रीची करामत. त्या चार सेकंदांवर लेख आले, व्याख्यानं झाली. कात्रीबुवा आयत्या बिळावर नागोबासारखे हार गळ्यात घालून बसले. आभार मानायचे तर आधी चूक कबूल करायला हवी होती, आणि दर वर्षी ते आणखी अवघड होत गेलं. आज सिनेमाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त एका विनोदी कार्यक्रमाने दोघांना बोलावलं होतं. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या, ते स्वतः एकोणऐंशीचे. आज नाही तर कधीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाई आल्या त्या थेट मंचावरच. लहानखुऱ्या, ताठ, पांढऱ्या केसांच्या. नमस्कार होतो न होतो तोच दिवे लागले. थर्माकोलच्या यानाचं दार सरकलं, आणि एका पोट सुटलेल्या विनोदवीराने चंदेरी कपड्यांत अशी काही नक्कल केली, की शांततेच्या चार सेकंदांत त्याने दाढी केली, अंघोळ केली आणि बायकोशी भांडणही उरकलं. प्रेक्षक लोळले. बाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

मग सूत्रसंचालकाने माइक पुढे केला. "कात्रीबुवा, सगळ्यांना छळणारा प्रश्न. ते चार सेकंद सुचले कसे?"

कात्रीबुवांनी घसा खाकरला. समोर पहिल्या रांगेत मुलगी मांडीवर शाल घेऊन बसली होती. लहानपणी शाळेच्या निबंधात तिने या चार सेकंदांबद्दल लिहिलं होतं, आणि तो निबंध त्यांनी तपासून दिला होता.

"सुचले नाहीत," ते म्हणाले. "मी कापायला विसरलो."

प्रेक्षागृह हास्याने दणाणलं.

"नाही, खरंच सांगतो. विसरलो. श्रेय या बाईंचं आहे. मी फुकटचा मिरवलो."

हशा आणखी वाढला, टाळ्या पडल्या. "काय टायमिंग आहे!" सूत्रसंचालक डोळे पुसत म्हणाला. "या वयात!" पन्नास वर्षांनी एकदाचं खरं बोलायचं धाडस केलं, तर ते विनोदात जमा झालं. कात्रीबुवा हताश होऊन खुर्चीत मागे टेकले. फक्त मुलगी हसत नव्हती.

"आणि बाई, तुम्ही इतका वेळ थांबलात कशा?"

"सवय हो," बाई म्हणाल्या. "एक्स्चेंजमध्ये 'जोडून देते' म्हटलं, की हात तार खोचायला जायचा. तार बसेपर्यंत तोंड बंद. त्या दिवशी तार नव्हती, पण हात गेलाच."

लोक पुन्हा हसले. आवाज मात्र अजून तसाच होता, स्वच्छ आणि जवळचा.

चित्रण संपलं. मेकअपच्या खोलीत दोघं शेजारी बसून कापसाने पावडर पुसत होते. समोर कागदी पेल्यांत चहा होता. कात्रीबुवांनी कापूस खाली ठेवला.

"बाई, मघाशी मी विनोद केला नाही."

"माहीत आहे मला."

"त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. बोलल्या नसतात तर मी रस्त्यावर आलो असतो. आभार मानायला पन्नास वर्षं लावली, छाती झाली नाही. आज मानतो. अगदी मनापासून मानतो." त्यांचा आवाज कापला, आणि त्यांनी तो कापू दिला.

"अहो, कसले आभार!" बाईंनी हात झटकला. "मी एक्स्चेंजमध्ये ताप आलाय म्हणून सांगून आले होते. ते अंतर नको म्हणून साहेबांनी ओळी पुन्हा बोलायला बोलावलं असतं, तर दुसरा ताप कुठून आणायचा? स्वतःची कातडी वाचवली मी. तुम्ही आपले उगाच ओझं घेऊन बसलात."

पन्नास वर्षं जपलेले उपकार मुळात आपल्या नावचे नव्हतेच! मग कात्रीबुवांना हसू फुटलं. मनातलं ऋण मात्र कणभरही कमी झालं नाही. विहीर कोणासाठी का खणली असेना, तहान भागली ती भागलीच.

"तरीसुद्धा," ते म्हणाले, "आभार परत घेणार नाही मी."

"नका घेऊ. राहू दे माझ्याकडे."

दार ढकलून मुलगी आत आली. तिने बापाच्या खांद्यावर शाल टाकली आणि गोळी पुढे केली. "घ्या आधी. मग गप्पा."

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मुलगी माझी."

"धाकटी?"

"एकुलती एक."

बाईंनी चहाचा पेला टेबलावर ठेवला. मुलीकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं, वरून खाली, पुन्हा वर.

"मग त्या दिवशीची ती हीच?"

कात्रीबुवांच्या हातातली गोळी हातातच राहिली. "कोणत्या दिवशीची?"

"साहेबांच्या ऑफिसात बसले होते मी, ध्वनिमुद्रणाला माझा नंबर लागायचा होता. फोन वाजला. कोणी नव्हतं तिथे, आणि फोन वाजत राहिलेला मला सहन होत नाही. मी उचलला. दवाखान्यातली नर्स होती. म्हणाली, दिवस भरलेले नाहीत, दोघांचंही काही सांगता येत नाही, नवऱ्याला पाठवा." बाई क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. "राखणदाराला मी एवढंच सांगितलं, की कात्रीबुवांना म्हणावं घरून बोलावलंय. पुढचं नाही सांगितलं. एकटा माणूस रस्त्याने धावत जाणार, त्याला ते कशाला ऐकवायचं?"

खोलीबाहेर कोणीतरी थर्माकोलचं दार ओढत नेत होतं.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही मागे उभे होतात, कालच्याच सदऱ्यात. तुमचा चेहरा बघून विचारायची हिंमत झाली नाही. नंतर एक्स्चेंजमधून दोनदा दवाखान्याला फोन लावला. बायकोचं नाव मला ठाऊक नव्हतं, कोणी दाद दिली नाही. मग माझी बदलीच झाली." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "टीव्हीवर ती नक्कल लागली, की आमच्याकडे सगळे हसायचे. मी आपली मनात म्हणायचे, काय झालं असेल पुढे?"

"बायको वाचली," कात्रीबुवा म्हणाले. "चाळीस वर्षं मला ओरडत होती."

"आणि मी सातव्या महिन्यातली," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी ती हसत होती. "आता डॉक्टर म्हणतात, वजन उतरवा."

टेलिफोनबाईही हसल्या. खुर्चीतून त्या हळूच उठल्या, दोन्ही हातांत मुलीचा चेहरा धरला, आणि गोळी कधी घेणार म्हणून तिने बापाकडे मान वळवायचा प्रयत्न केला तरी सोडला नाही.