बोडक्याच्या पोरी

मी बोडक्या बोलतोय. जातीनं गावरान कोंबडा, आणि जन्मापासून मानेवर एकही पीस नाही. अंड्यातून बाहेर आलो तेव्हा सुखीबाईंनी मला तळहातावर उलटसुलट फिरवून पाहिलं आणि म्हटलं, "अगं माय! ह्याले कोनं अर्धाच सोलला?"

मारेगावजवळच्या त्यांच्या तांड्यात मी वाढलो. वाढलो म्हणजे फारसा नाही. माझ्या बरोबरीचा पहेलवान कोंबडा बघता बघता तीन किलोंचा झाला. मी दीडवर अडकलो. दाणे मात्र मीच जास्त पळवायचो. सुखीबाईंचे यजमान प्रेमसिंग पहेलवानाला मांडीवर घेऊन बसत आणि मी जवळ गेलो की चप्पल उचलत. मग मीही त्यांचा दुपारी डोळा लागला की खाटेखाली शिरून मनापासून आरवायचो.

यंदा मे महिन्यात सुखीबाईंचे भाऊ अमरसिंग मुकुटबनहून येणार होते. प्रेमसिंगांनी लगेच माझ्याकडे पाहिलं.

"बोडक्यालेच कापू. तसाही देवानं अर्धा साफ करून पाठवला."

त्याच सकाळी सलोनी आली. पशुवैद्यकीय कॉलेजची ही मुलगी तांड्यातांड्यांत फिरून कोंबड्यांच्या रक्तातले फरक तपासते. जानेवारीत तिनं आमच्या कोंबड्यांच्या पायांत कड्या घातल्या होत्या आणि कोणती कोंबडी किती अंडी देते ते कॅलेंडरवर मांडायला सुखीबाईंना सांगितलं होतं. आज तिनं माझ्या पंखाखालून सुईनं रक्त काढलं. मी तिच्या अंगठ्यातून काढलं. फिट्टंफाट झाली.

मग ती कॅलेंडर चाळू लागली आणि थबकली.

"मावशी, उघड्या मानेच्या कोंबड्या बाकीच्यांच्या दीडपट अंडी देऊन राह्यल्या!"

"त्यात ह्या बोडक्याचं काय?" प्रेमसिंग म्हणाले. "कोंबडा कधी अंडं देते का?"

"तो नाही देत, काकाजी, त्याच्या पोरी देतात. उघडी मान म्हंजे ह्याच्या पोरींची खूण. वाढ असो का अंडी, अर्धा वाटा बापाकडून येते. पहेलवानाच्या पोरी वजनात भारी, पण अंड्याले कमी. ह्याच्या पोरींचं उलट."

"म्हंजे मानेनंच अंडी वाढतात?" सुखीबाईंनी विचारलं.

"उन्हाळ्यात अंग थंड राह्यते, तेवढा फायदा असन. बाकी रक्तात काय लपलं हाय ते तपासल्यावर कळन. तोवर ह्याले कापू नका."

सुखीबाई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं ना? आपली पोरगी राखी गणितात नापास झाली तं आईवर गेली म्हने! अर्धा वाटा तुमचाबी हाय."

प्रेमसिंग चष्मा पुसू लागले. पण सलोनीची गाडी वळताच त्यांनी मला पायांना धरून उचललं.

"तपासनी होतपर्यंत पाव्हणा काय उपाशी बसन?"

मी उलटा लटकलो होतो. खरं सांगतो, तेव्हा आरवायचं सुचलं नाही. उकिरड्यावर माझ्या पोरी माती उकरत होत्या. त्या आज पहिल्यांदाच मला सुंदर वाटल्या.

सुखीबाईंनी मला हिसकावून छातीशी धरलं. "पैले ह्याच्या पोरींएवढी अंडी तुम्ही देऊन दाखवा, मंग कापा!"

शेजारची बाई इतकी हसली की तिच्या डोक्यावरची घागर हिंदकळली. प्रेमसिंग सुरी घेऊन घरात गेले आणि निमूट कांदा चिरू लागले.

दुपारी अंड्यांचा रस्सा झाला. अमरसिंगांनी भाकरीबरोबर सहा अंडी संपवली, सगळी हकीकत ऐकली आणि हात धुता धुता म्हणाले, "बाई, हा कोंबडा महिनाभर माह्या कोंबड्यांत सोडाले दे."

"ने. पन वापस आन. अन् वापस आनतानी तो जित्ता पाह्यजे."

तर आता मी त्यांच्या मोटरसायकलीच्या मागे, टोपल्यात बसून मुकुटबनला निघालोय. सलोनीचा अहवाल अजून आलेला नाही. माझ्या रक्तात काय आहे ते मलाही ठाऊक नाही. मुकुटबनकरांनो, एवढंच करा, मला तराजूत टाकायची घाई करू नका. तिथं होणाऱ्या माझ्या पोरी वयात येऊ द्या, त्यांना बसायला टोपल्या द्या, मग काय ते ठरवा.

आणि अमरसिंग, जरा खड्डे बघून चालवा हो. तुमच्या पुढच्या उन्हाळ्याची अंडी मागे बसली आहेत.