काबूसचा मनोरा

नेत्रानं कार्डशीटला उभ्या घड्या घातल्या, कडा चिकटवून त्याची नळी केली आणि ती जेवणाच्या टेबलावर उभी केली. शेजारी तेवढ्याच कागदाची दुसरी नळी होती, बिनघडीची.

“बाबा, दोन्ही दाबून बघा.”

प्रतापनं पेपरातून मान वर केली नाही. आठवडाभर घरात हाच विषय चालला होता. नेत्रा अॅन आर्बरला स्थापत्याच्या इतिहासात पीएच.डी. करत होती आणि सप्टेंबरमध्ये तिला इराणला जायचं होतं, एका मनोऱ्यासाठी. टीव्हीवर तर रोज इराणवर हल्ला होणार का, याचीच चर्चा.

“फोटो आहेत ना इंटरनेटवर?” तो म्हणाला.

“फोटोत वीट हाताला लागत नाही. मापंही घेता येत नाहीत.”

नेत्राची आई सुवर्णा सिंकपाशी भांडी विसळत होती. शेवटी प्रतापनं पेपर ठेवला. साधी नळी त्याच्या तळव्याखाली लगेच चेपली. घड्यांची दबेना. त्यानं जोर लावला, मग खाली वाकून ती निरखून बघितली. अमेरिकेत, ट्रॉयला आल्यापासून तो गाड्यांच्या बॉडीचे पत्रे डिझाइन करत होता.

“फ्लोअर पॅनेलला आम्ही अशाच रिब्ज देतो,” तो म्हणाला. “किती उंच आहे हा?”

“सतरा मजली बिल्डिंगएवढा. नुसत्या भाजलेल्या विटा. बाहेरून असे दहा कोन काढलेत. हजार वर्षं झाली, स्टिल स्टँडिंग.”

“आत काय आहे?”

“काहीच नाही. काबूस नावाच्या राजाची कबर. पण खणून बघितलं तेव्हा बॉडी मिळालीच नाही. लोक सांगतात, काचेची पेटी छताला टांगली होती. वर एकच छोटी खिडकी आहे, पूर्वेला. सकाळचं ऊन पेटीवर यावं म्हणून.”

“मुलानं बांधला?”

“नाही, त्यानं स्वतःच, जिवंत असताना. त्याचं राज्य गेलं होतं. खूप वर्षं दुसऱ्यांच्या मुलखात राहिला. मग परत गेला आणि हा बांधला.”

प्रताप घडीच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला.

“परत गेला तेव्हा ओळखलं का त्याला लोकांनी?”

“ते कुठं लिहिलेलं नाही, बाबा.”

सुवर्णानं नळ बंद केला.

“आणि तू एकटीच जाणार?” तिनं विचारलं.

“एकटीला फिरू देत नाहीत. अमेरिकन पासपोर्टला गाइड कंपल्सरी. व्हिसा मिळाला तर.”

“इंडियन पासपोर्टला?” प्रतापनं विचारलं.

“त्यांना इझी असतं, आय थिंक. का?”

प्रताप उठून जिना चढला. वर कपाट उघडल्याचा आवाज आला. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. त्या दोघी कधीच्याच अमेरिकन सिटिझन झाल्या होत्या. तो मात्र दर वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचा, आणि का, ते कुणी विचारायचं नाही.

खाली आला तेव्हा त्याच्या हातात त्याचा निळा इंडियन पासपोर्ट होता. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं आतलं पान डोळ्यांजवळ नेलं.

“अजून दोन वर्षं व्हॅलिड आहे,” तो म्हणाला. “आणि मापं घ्यायची म्हणतेस, तर टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेलच ना?”