चंद्रीचा काळा रंग

"आत नगो, माई. फोटू भाईर उन्हात ठेवा. म्हस कवा दिव्याखाली पारखत्यात व्हय?"

गणपतरावांनी दोन्ही फोटो स्वतःच उचलले आणि स्टुडिओच्या पायरीवर शेजारीशेजारी उभे केले. त्यांच्या नव्या डेअरीत एकच लागणार होता. दोन्हींत चंद्रीच होती, त्यांच्या गोठ्याची मूळ म्हैस. निगेटिव्हही एकच, माईंच्या यजमानांनी, अप्पांनी, शहाऐंशी साली गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर काढलेली, जिथे म्हशी गिऱ्हाइकासमोर पिळतात. डावा फोटो माईंनी तेव्हा डार्करूममध्ये केलेला. उजवा त्यांची सून भैरवीनं परवा प्रिंटरवर काढलेला.

उजव्याकडे बघायचंच नाही असं माईंनी ठरवलं होतं, पण नजर तिकडेच जात होती. अप्पा गेल्यापासून गिऱ्हाईक पायरी चढायचं ते "भैरवी मॅडम आहेत का?" असं विचारतच. एके काळी अप्पा फोटो काढत आणि माई तो कागदावर उतरवत. सांगली-मिरजेचे फोटोग्राफर म्हणत, काळा असावा तर कोल्हापूरच्या माईंचा. त्या एका वाक्यावर माईंनी चाळीस वर्षं काढली होती.

"आमच्या कागदावरच्या काळ्यात चांदी असते," माई म्हणाल्या. "हिच्यात नुसती शाई. कपाटावर धूळ बसते तशी बसलेली."

भैरवी हसली. "खरंय, माई. तुमच्यासारखा काळा मला अजून जमत नाही."

हे तिनं मनापासून म्हटलं होतं. तेच माईंना जास्त लागलं.

गणपतराव उकिडवे बसले. "ही डावी बगा, आत्ताच धुऊन, तेल चोळून उभी केल्यागत हाय. हात लावला तर बोट चिकटंल." मग उजवीकडे वळले. "आणि ही वाळल्याली. मातीत लोळून आल्याली."

"ऐकलंस?" माई सुनेला म्हणाल्या. त्यांची मान आपोआप ताठ झाली.

पण गणपतराव उजव्या फोटोपाशीच रेंगाळले. फोटो उचलून त्यांनी नाकाशी धरला.

"वहिनी, ह्ये कासेपाशी काय हाय?"

"कुणीतरी बाई दूध काढतेय. निगेटिव्हमध्ये होतीच. मी कॉम्प्युटरवर सावली जरा उजळ केली, तशी दिसायला लागली."

गणपतरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. डोक्यावर पदर, गुडघ्यांत चरवी, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघणारी बाई.

"आई हाय की ही," ते म्हणाले. "बयाबाई. घरात तिचा एक बी फोटू न्हाय ओ."

मग त्यांनी घाईघाईनं डावा फोटो जवळ ओढला. "माई, तुमच्यात कुठं हाय ती?"

तिथे काळा होता. दाट, मऊ, कुठेही न फाटलेला.



"ह्योच न्हेतो मग," खांद्यावरच्या टॉवेलात उजवा फोटो गुंडाळत गणपतराव म्हणाले. "राग मानू नगा, माई. म्हस तुमचीच झ्याक हाय. पन आई..." गाडीवर बसतानाही त्यांनी तो फोटो छातीशी धरला होता.

भैरवीनं डावा फोटो उचलला. बराच वेळ बघून हळूच विचारलं, "माई, तुम्हाला ती दिसली नव्हती?"

"दिसली होती की. चांगली दिसली होती. तिचा चेहरा जरासा उजळ येत होता, त्यानं सगळा काळा फुटत होता. मग मी त्या कोपऱ्याला जास्तीचा उजेड दिला. आमच्या कागदाला जितका उजेड द्याल, तितका तो काळा होतो."

"तेवढ्याच कोपऱ्याला? कसा?"

माईंनी दोन्ही तळवे पुढे केले, एकमेकांवर ठेवले आणि मध्ये एक भोक राखलं. पायरीवर त्यांच्या हातांची सावली पडली आणि सावलीत रुपयाएवढा उजेड. माई ओठांतल्या ओठांत सेकंद मोजू लागल्या, हात किंचित हलवत, तेव्हा डार्करूममध्ये हलवत तसेच. बावीसला थांबल्या. हात मात्र त्यांनी खाली घेतले नाहीत.