भोंग्यातला गिलमान

"तुझ्याच तोंडानं सांगितलंस की रं! काल सकाळी, साडेपाचला! 'उद्या कडाक्याचं हिव पडणार, कोबी आजच काढून घ्या.' आन आता न्हाई म्हनतोस?"

दोंग्सिकनं काखेतला कोबी गावाच्या सभागृहात जमिनीवर आपटला. गड्डा कसला, नुसती पानं. आत गाभा धरलाच नव्हता. अजून महिनाभर शेतात राहिला असता तर दोन हातांत मावला नसता, आणि गावाच्या वर्षभराच्या लोणच्याची, किमचीची, बेगमी त्यातून झाली असती.

सव्वीस वर्षं गिलमान दोलमोरीचा इजांग होता. गावचं पाणी, रस्ता, लग्न, मयत, सगळं बघणारा माणूस. रोज पहाटे सभागृहात यायचं, घसा खाकरायचा आणि खांबावरच्या भोंग्यातून गावाला दिवसाची खबर द्यायची. एकतीस घरं. निम्म्या घरांत एकेकटं म्हातारं माणूस. त्याचा आवाज कानावर पडल्याशिवाय कुणी भात शिजायला लावत नसे.

"मी बोललोच न्हाई गड्या," तो म्हणाला. "काल मी लेकीकडं शहरात व्हतो, दाढ काढायला. तोंडात ह्यो एवढा कापूस. बोलनार कशानं?"

"मग कोन बोललं? तुझं भूत?"

भूतच म्हणायचं. वसंतात सोलहून एका कंपनीची बाई आली होती. गोड बोलणारी. "आजोबा, या वयात पहाटे उठायचं कशाला? तुमचा आवाज आम्ही यंत्राला शिकवतो. हवामान तेच बघेल, काय सांगायचं तेच ठरवेल, आणि सांगेल मात्र तुमच्या आवाजात. एक पैसा द्यायचा नाही." गिलमानचे गुडघे तेव्हा फार दुखत होते. तीन दिवस तो तिच्यापुढं बसून वाचत राहिला आणि शेवटी तिनं पुढं केलेल्या कागदावर सहीऐवजी आपला शिक्का मारला. यंत्र असं हुबेहूब शिकलं की बोलायच्या आधीची त्याची खाकरसुद्धा त्यानं उचलली. पहिले काही महिने गिलमान अंथरुणात पडून आपलाच आवाज ऐकायचा आणि मनातल्या मनात फुगायचा. त्याची आता त्याला लाज वाटत होती.

हिव काही पडलं नाही. लख्ख ऊन पडलं, आणि गावभर उपटलेला कोबी बांधावर सुकत पडला.

त्यानं सगळ्यांदेखत कंपनीला फोन लावला.

"ते असं का बोललं हे आम्हालाही सांगता येत नाही, आजोबा," बाई म्हणाली. "ते अजून शिकतंय."

"आमच्या कोबीवर शिकतंय व्हय? बंद करा ते."

"करार तीन वर्षांचा आहे. शिक्का तुमचाच आहे. आणि आवाज आता कंपनीचा आहे."

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसला. साहेबानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि हात वर केले. "माणसानं केलं असतं तर लगेच नोटीस काढली असती. यंत्राला जाब विचारायचा कायदाच अजून झालेला नाही. कायदा आला की या."

"आन तवर?"

"तवर जरा सांभाळून ऐका."

गावानं त्याचा सोपा अर्थ काढला. ऐकायचंच सोडलं. हिवाळाभर भोंगा बडबडत राहिला आणि लोक खिडक्या लावून घेत राहिले. वाटेत गिलमान दिसला की दोंग्सिक मुद्दाम विचारायचा, "काय इजांग, आज तू हाईस का त्यो हाय?" लोक हसायचे. गिलमानही हसायचा, पण घरी आल्यावर जेवण जात नसे. सव्वीस वर्षांत त्यानं दुसरं काय कमावलं होतं? एक आवाजच तर होता.

मार्च उजाडला. तीन महिने थेंब नव्हता. माती पिठासारखी उडत होती आणि पश्चिमेचा वारा दोन दिवस थांबलाच नव्हता. गिलमान सफरचंदाच्या बागेत छाटणी करत होता. दुपारी वास आला म्हणून त्यानं वर बघितलं, तर डोंगरामागून काळा धूर उठलेला. पाईनच्या रानात वणवा शिरला होता. असल्या वाऱ्यात गावात यायला त्याला तास पुरला असता.

हातातली मोठी कात्री तशीच घेऊन तो सभागृहात पळाला. जुना माईक कोपऱ्यात होता, चालूही होता.

"मंडळी, मी गिलमान बोलतोय! खरा गिलमान! वणवा आलाय, घरं सोडा, खाली शाळेकडं पळा!"

त्यानं तेच चार वेळा सांगितलं. बाहेर येऊन बघतो तर एक दार उघडलं नव्हतं. शेजारच्या घरातून कुणीतरी बोललं, "आलं बघा पुन्हा. तवा हिव, आता वणवा." आणि खिडकी धाडकन लागली.

गिलमानला रडू फुटायचं बाकी होतं. मग भिंतीवर टांगलेली काशाची थाळी त्याला दिसली. वर्षाच्या पहिल्या पुनवेला गावचं वाजंत्री पथक ती बडवत दारोदार जायचं, प्रत्येक अंगणात नाचून जमीन तुडवायचं. त्या थाळीला आत घेतलं नाही असं घर दोलमोरीत नव्हतं. त्यानं ती उतरवली आणि बडवत निघाला.

"पुनव कवाच झाली की रं!" म्हणत दोंग्सिक दारात आला, आणि गिलमानच्या मागं धूर बघून त्याचा रंग उडाला. त्यानं ट्रक काढला. पुढं गिलमान एकेका अंगणात शिरत होता, थाळी बडवत होता, ओरडत होता, आणि मागून दोंग्सिक माणसं गोळा करत होता. तिसाव्या घराला गिलमानचा घसा पार बसला.

शेवटचं घर चढावर, बोंग्ने वैनीचं. चौऱ्याऐंशीची म्हातारी ओसरीवर लसूण निवडत बसलेली. धूर आला म्हणून तोंडाला फडकं बांधलं होतं तिनं, पण हलली नव्हती. गिलमाननं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. तेवढ्यात खांबावरचा भोंगा खाकरला.

"नमस्कार मंडळी. आज ऊन चांगलं आहे. अंथरुणं वाळत घाला. काळजीचं काही कारण नाही."

म्हातारीनं खांबाकडं बघितलं, मग गिलमानकडं. तो गुडघ्यांवर हात टेकून नुसता धापा टाकत होता.

"दोन गिलमान झाले की रं," ती म्हणाली. "कुनाचं ऐकू?"

त्यानं घशाकडं बोट दाखवलं.

"त्यो वरचा दमल्याला न्हाई," म्हातारी लसूण बाजूला सारत उठली. "तू दमलायस. चल."

शाळेच्या मोठ्या खोलीत त्यानं बोटांनी माणसं मोजली. सगळी होती. मग तो भिंतीला टेकून बसला आणि दोन दिवस त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी गाव बघायला सगळे परत आले. एकोणीस घरं गेली होती. बागा कोळसा झाल्या होत्या. सभागृह आणि समोरचा खांब मात्र वाचला होता, वर सोलरची पाटी चकाकत होती. लोक आपापल्या राखेपाशी उभे होते. भोंगा खाकरला.

"नमस्कार मंडळी. आजचा दिवस छान आहे. अंगणात फिरा, ताजी हवा घ्या."

दोंग्सिक मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला.

गिलमान सभागृहात गेला. वणव्याच्या दिवशी टाकलेली कात्री तिथंच होती. ती घेऊन तो खांबाखाली आला.

"गिलमान, कंपनीची हाय ती," मागून कुणीतरी म्हणालं. "शिक्का मारलायस तू."

"मारला आसंना का!" बोंग्ने वैनी कडाडली. "काप रं तू. मी हाय हितं."

वायर जाड होती. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. भोंगा बोलता बोलता गप झाला. मग गिलमाननं कचेरीतून आलेला निरोप सांगायला तोंड उघडलं. फुटक्या बासरीसारखा फुसफुसता आवाज आला, जवळच्या दोघांनाच ऐकू गेला.

"बारा वाजता... शाळेत... जेवान हाय."

"काय म्हनला?" लांबून कुणीतरी विचारलं.

पुन्हा ओरडायची ताकद त्याच्यात नव्हती. त्यानं शाळेतून परत आणलेली थाळी काखेत मारली आणि पाय ओढत निघाला. एकतीस दारं होती, त्यातली एकोणीस आता नव्हती. तरी तो प्रत्येक दाराच्या जागी थांबला, थाळीवर एक ठोका दिला, आणि जेवायचं सांगून पुढं गेला.